अमेरिकेतली बँक आणि आपली कोठी

रविवार, २ एप्रिल २०२३. सकाळी सव्वासहा.

प्रिय हेलनआत्या,

मोझेसचा सलाम.

हे पत्र लिहायला घेण्याआधी मी अंगणात बसून शिंदीच्या झावळ्या साफ करत होतो. आज झावळ्यांचा रविवार. दरवर्षी हे काम तू करतेस आणि मुलांच्या हातात एकेक झावळी देतेस. यंदा पाळकसाहेबांनी ते आमच्या रेश्माला सांगितलं आणि रेश्माने विळा माझ्यापुढे टाकला. थोड्या वेळाने बोट कापलं, तेव्हा उठलो आणि कागद घेतला. कोपऱ्यातला डाग त्याचा आहे.

फोन दोनदा केला. मेरीताईने दोन्ही वेळा उचलला आणि दोन्ही वेळा म्हणाली, "आई पडलीय जरा." तिसऱ्यांदा करायचा धीर झाला नाही. पत्र कसं, वाचायचं नसलं तर ठेवून देता येतं.

आधी एक सांगून टाकतो. त्या शुक्रवारी तू गेलीस, तेव्हा मी तुला पाहिलं. तिसगावला स्टँडच्या समोरच आमचं फ्लेक्सचं दुकान. तू पिशवी पायाशी ठेवून नगरच्या गाडीची वाट पाहत होतीस. गाडी यायला बराच वेळ लागला. मी आत एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवरची नावं तपासत होतो आणि काचेतून सगळं दिसत होतं. मी बाहेर आलो नाही. मालक दुकानात होते असं लिहिणार होतो, पण मालक त्या दिवशी नव्हते.

आता १९ मार्चचं. मी त्या रविवारी काय बोललो ते तू ऐकलेलं नाहीस, कारण तू मागच्या खोलीत मुलांची शब्बाथशाळा घेत होतीस. तुला ते बायकांकडून कळलं आणि प्रत्येकीने आपापल्या परीने सांगितलं असणार. म्हणून जसंच्या तसं लिहितो.

मध्यस्थीच्या प्रार्थनेआधी पाच मिनिटं जगाच्या बातम्या सांगायचं काम मला तूच मिळवून दिलंस. पाळकसाहेब दर रविवारी "सर्व राष्ट्रांसाठी" प्रार्थना करायचे. तू त्यांना म्हणालीस, "साहेब, कुठल्या राष्ट्राला काय झालंय ते म्हाईत नसताना देवाला मागायचं तरी काय? आमचा मोशा बारावीला बसला न्हाई, पन पेपर शेवटच्या वळीपर्यंत वाचतोय." त्यानंतर मी नुसती बातमी कधी सांगितली नाही. असं का झालं, तेही सांगत गेलो. युक्रेनच्या लढाईने आपलं गोडेतेल महागलं, तेव्हा करंजी घाटाचं उदाहरण दिलं. घाटात ट्रक आडवा झाला की नगरची भाजी तिसगावात महाग होते. भाजी तितकीच असते, वाट बंद असते. श्रीलंकेतल्या पेट्रोलच्या रांगा सांगताना म्हणालो, बाहेरगावचा पगार थांबलेल्या घराला दुकानदार उधार देणं बंद करतो, तसं त्या देशाचं झालंय. बनुबाई एकदा दारात म्हणाली, "ह्या पोरानं युक्रेन पार चुलीपाशी आनला." मला ते फार गोड लागलं. पुढच्या वेळी चुलीच्या आणखी जवळ काय आणता येईल, याचा मी आठवडाभर विचार करायला लागलो.

त्या रविवारची बातमी अमेरिकेतल्या बँकेची होती. मी म्हणालो की एक मोठी बँक दोन दिवसांत बसली. दरोडा पडला नव्हता. ठेवीदारांचे पैसे बँकेने लांबच्या मुदतीला गुंतवले होते, हातात थोडेच होते. बँक बुडणार अशी कुजबुज झाली, सगळे एकदम काढायला धावले, आणि धावले म्हणूनच ती बुडाली.

लोकांचे चेहरे कोरे होते. म्हणून मी पुढे म्हणालो:

"आपली मुठीची कोठी घ्या. प्रत्येक घर दळण काढताना मूठमूठ ज्वारी बाजूला ठेवतं आणि शनिवारी हेलनआत्याकडे देतं. ती ज्वारी कोठीत पडून राहते का? नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणारी घरं ती घेऊन जातात आणि चैत्रात परत आली की पायलीमागे चिपटंभर जास्त घालून फेडतात. म्हणून आपली मूठ वाढते. म्हणजे आत्ता कोठी उघडली, तर ती पावसुद्धा भरलेली नसेल. कुणी खाल्ली नाही. ती राहीबाईकडे आहे, बन्सीकडे आहे, उसाच्या फडात आहे. पण समजा, सगळ्यांनी आजच आपापली मागितली, तर?"

इथे मी थांबलो. थांबायचं मी घरून ठरवून आलो होतो. मागून कुणीतरी विचारलं, "तर?"

मी म्हणालो, "तर शेवटच्याला मिळणार नाही."

पुढचं वाक्य "म्हणून घाबरायचं नसतं" असं होतं. ते मी बोललो, आत्या. खरंच बोललो. पाळकसाहेबांनी अमेरिकेतल्या ठेवीदारांना शांती मिळावी म्हणून प्रार्थना केली, आणि आमेन झाल्यावर अर्ध्या बायका चहाला न थांबता पोती आणायला घरी गेल्या.

पुढचं तुला माहीत आहे. तूच मापून देत होतीस. तू एकीलाही नाही म्हणाली नाहीस, "चैत्रापर्यंत थांबा" असंही म्हणाली नाहीस. मंगळवारी दुपारी बनुबाई आली, तेव्हा तळाशी केरसुणीने गोळा करावेत एवढे दाणे होते. तिच्या अकरा वर्षांच्या मुठी. मागे मूलबाळ नाही, म्हणून स्वतःच्या मयताच्या जेवणासाठी साठवलेल्या. ती तुला जे बोलली, ते मी बाहेर भिंतीला लागून ऐकलं. "हेलन, माझं मयत उपाशी ठेवलंस." तू किल्ली पाळकसाहेबांच्या टेबलावर ठेवलीस आणि तीन दिवसांनी गेलीस.

आता गावात असं बोलतात की उसाच्या फडात एवढी ज्वारी गेलीच नव्हती, हेलनने मधल्या मधे काहीतरी केलं. हे तुझ्या कानावर दुसरीकडून येण्यापेक्षा माझ्याकडून आलेलं बरं.

उदाहरण चुकलं, आत्या. बातमी खरी होती, हिशेब खरा होता, उदाहरण दुसरं घ्यायला हवं होतं. मला क्षमा कर.

आईने त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आमच्या आठ पायल्या नेल्या त्या रेश्माच्या सोयरिकीसाठी. ते वेगळं. त्याचा याच्याशी संबंध नाही. तू रेश्माच्या नावाने वरून एक पायली घातलीस, ते आईने सांगितलं. सोयरिकीची तारीख अजून धरलेली नाही.

तुझा,
मोझेस


शनिवार, ८ एप्रिल २०२३. दुपारी दीड.

प्रिय आत्या,

सलाम. दुकानात वीज नाही, मशीन बंद आहे, म्हणून लिहायला बसलो.

काल उत्तम शुक्रवारची उपासना सुटली आणि एसटीच्या ड्रायव्हरने तुझं पुडकं आणून दिलं. साडी मिळाली. वर मेरीताईच्या अक्षरात "रेश्माच्या साखरपुड्याला" असं लिहिलेलं आहे. आईने ती उलगडली नाही. आधी कपाटात ठेवली, मग कपाटातून काढून पेटीत ठेवली. "आभार लिही," म्हणाली. म्हणून लिहितो. आम्ही सगळे आभारी आहोत.

रेश्मा सकाळी मला म्हणाली, "दादा, माझा नवरा कुठल्या गावचा ठरवलाय तेवढं सांगून ठेव. पाण्याला गेलं की बाया इचारत्यात आन मला सांगता येत न्हाई." थट्टा करते. तू मनावर घेऊ नकोस.

पाळकसाहेबांनी गेल्या रविवारी जगाच्या बातम्या बंद केल्या. नुसतं वेळ आली तेव्हा म्हणाले, "आज आपण सरळ प्रार्थना करू." सगळ्यांनी खाली पाहिलं. ते बरोबरच आहे.

बनुबाई रोज दुपारी कोठीच्या बंद दाराशी येऊन बसते. शेजारची एक तिला म्हणाली, "म्हातारे, मरायची एवढी काय घाई?" तर म्हणाली, "मरायची न्हाई गं. जेवायला वाढायची हाय."

मी एक ठरवलं आहे. त्या अमेरिकेच्या बँकेचं पुढे काय झालं, ते मी त्या रविवारी वेळ संपली म्हणून सांगितलं नव्हतं. बँक शुक्रवारी बंद पडली. रविवारी त्यांच्या सरकारने जाहीर केलं की या बँकेतल्या प्रत्येक ठेवीदाराला त्याचे सगळे पैसे मिळतील. असं कुणीतरी खात्रीचं माणूस म्हणालं, की बाकी ठिकाणच्या रांगाही विरळ होतात. आपलं कधीही मिळेल हे कळलं की माणूस आजच मागत नाही. आपल्याकडे तसं म्हणणारं कुणी नव्हतं. मी म्हणणार आहे. मालकांकडून पाच हजार उचल मागितली आहे, थोडे माझ्याकडे आहेत. तिसगावच्या बाजारातून दोन क्विंटल ज्वारी घेऊन हनुमंतच्या टेम्पोने भर दिवसा गावातून आणायची आणि कोठीत तोंडं उघडी ठेवून पोती लावायची. मग कुणी तुझ्याबद्दल बोलणार नाही.

तू त्यासाठी काही कळवायची गरज नाही. तुझी पाठ दुखायची थांबली का, एवढं मेरीताईला सांगायला सांग.

तुझा,
मोझेस


सोमवार, १७ एप्रिल २०२३. सकाळी अकरा.

आत्या,

आज कामावर गेलो नाही. मालकांना सांगितलं, मला ताप आहे. ताप नाही. खोटं बोलायची मला सवय लागली आहे असं दिसतं, म्हणून हे पत्र संपेपर्यंत एकही बोलायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

शनिवारी ज्वारी आणली. हनुमंतने वेशीपासून हॉर्न वाजवत टेम्पो चर्चपर्यंत नेला. पाळकसाहेबांनी किल्ली दिली. पोती लावली, तोंडं सोडली, आणि मी दारात उभा राहिलो. बायका आल्या. दाणे हातावर घेऊन बघितले, चांगली टपोरी आहे म्हणाल्या. मग एकीने विचारलं, "ही कुनाची?" मी सांगितलं, माझ्या पैशाची. "तू कशापायी भरतोस?" मी पोत्याची दोरी गुंडाळायला लागलो. पाठ फिरवून जाताना ती दुसरीला म्हणाली, आणि मला ऐकू यावं अशा बेताने म्हणाली, "आत्यानं खाल्ली असंल, म्हनून भाचा भरून देतोय."

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. आधी तुझ्यावर नुसता संशय होता, आत्या. माझ्या दोन क्विंटल ज्वारीने तो पक्का झाला. मला वाटलं होतं लोक भरलेली पोती बघतील. लोक मला बघत होते. हा का भरतोय, याला काय माहीत आहे, हेच ते बघत होते, आणि पहिल्यांदाही त्यांनी हेच बघितलं होतं.

बनुबाईच्या पुढ्यात मी तिच्या वाटणीची पोती ओढून नेली. तिने हात लावला नाही. "माझ्या मुठी राहीच्या घरी गेल्यात, त्या राही आनील. बाजारची कशाला खाऊ?" म्हणाली. राहीबाई अजून कारखान्यावरून आलेली नव्हती.

आता पहिल्यांदाचं.

शनिवारी, १८ मार्चला, चारच्या सुमारास मी घरात फिरत फिरत उद्याचं भाषण बोलून बघत होतो. आई सुपात तूर निवडत होती. मी कोठीच्या उदाहरणाशी आलो, ठरल्याप्रमाणे थांबलो, आणि "शेवटच्याला मिळणार नाही" म्हणालो. आईने सूप खाली ठेवलं.

"मंग आपली रं?"

मी हसलो. म्हणालो, "आई, हे उदाहरण आहे. सगळे एकदम कशाला मागतील?"

ती म्हणाली, "तू उद्या सगळ्यांना सांगनार न्हवं?"

आत्या, माझ्या आईला सही करताना अजून घाम फुटतो. एका वाक्यात तिने जे बघितलं, ते मी आठवडाभर पेपर पुढ्यात घेऊन बघितलं नव्हतं. त्याच क्षणी मला कळलं की उदाहरण बदलायला हवं. उदाहरण सुंदर जमलं होतं. मी बदललं नाही. मी म्हणालो, "न्यायची तर आजच ने. उद्या मी बोलल्यावर नेलीस तर बरं दिसणार नाही."

आई म्हणाली, हेलनला काय सांगू? "रेश्माच्या सोयरिकीला" हे शब्द माझे. आईने फक्त ते तुझ्यापर्यंत नेले. रेश्माची सोयरीक ठरलेली नाही, कुणी बघायलाही आलेलं नाही. तू हरखलीस आणि वरून पायली घातलीस. पोतं मी सायकलवर टाकून आणलं. हातपंपाशी तिघी-चौघी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं तेव्हा मी "असंच" म्हणालो.

म्हणजे उदाहरणाने कोठी बुडाली नाही. दुसऱ्या दिवशी मी उभा राहून "घाबरायचं नसतं" म्हणत होतो आणि त्याच तिघी-चौघी बाकावर बसून माझं कालचं पोतं आठवत होत्या. या असल्या बातम्यांत नेहमी एक ओळ असते, की बँकेच्या आतल्या माणसांनी आधीच आपलं काढून घेतलं होतं का याची चौकशी सुरू आहे. मी ती ओळ त्या दिवशी वाचली होती. सांगताना गाळली.

काल सकाळी उपासनेत पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला कुणी आहे का विचारलं. मी उठलो. सगळे समजले की ज्वारीबद्दल बोलणार. मी वर लिहिलं आहे तेवढंच बोललो. उसाच्या फडातली ज्वारी खरी आहे, हेलनआत्याने एक दाणाही इकडचा तिकडे केलेला नाही, पहिलं पोतं आमचं होतं आणि ते मी सांगितल्यामुळे नेलं गेलं, असं म्हणालो. सगळं बोललो. कुणीतरी हसलं. पाळकसाहेबांनी गाणं सुरू केलं.

गाण्याच्या मध्येच आई उठून गेली. मी "मी सांगितलं म्हणून" असं दोनदा म्हणालो होतो, पण लोकांनी "मोशाची आई" एवढंच ऐकलं. घरी गेलो तेव्हा ती म्हणाली, "मला मधी घेतल्याबिगर तुला साक्ष देता येत न्हवती?" त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते आणि बाहेर जाऊन बसते. मला हे आधी तिला विचारायला हवं होतं. तेही सुचलं नाही. मला खरं बोलायची घाई झाली होती.

आमच्या आठ पायल्या आणि तुझी एक आज सकाळी कोठीत परत घातल्या. साडी तुला पाठवू का, ते कळव. नाही कळवलंस तरी मी समजेन.

मोझेस


रविवार, ३० एप्रिल २०२३. दुपारी चार.

प्रिय आत्या,

सलाम. सोमवारी मेरीताईच्या फोनवरून तू बोललीस, त्याला आज सहा दिवस झाले. आपण बोललो ते मी पुन्हा लिहितो, कारण तुझं म्हणणं मी बरोबर ऐकलं की नाही याची मला अजून खात्री नाही. चुकलं असेल तर सांग.

तू पहिल्यांदा विचारलंस, "बनुबाईचं भरलं का?" मी सांगितलं, भरलं. राहीबाई आणि बन्सी शनिवारी ट्रॅक्टरने आले आणि बिऱ्हाड उतरवायच्या आधी त्यांनी कोठीपाशी पोती उतरवली. चिपट्यासकट. दारात माझी ज्वारी बघून राहीबाई म्हणाली, "आमी येनार न्हाई असं वाटलं व्हय तुमाला?" बनुबाईची वाटणी तिथल्या तिथे मापून दिली. ती म्हणाली, कोठीतच राहू द्या, मी काय डोक्याशी घेऊन झोपू.

तू मग म्हणालीस, "इकत आनलेली तेवढी बाजारात नेऊन घाल. ती तिथं हाय तवर लोक तीच बघत बसतील."

मी विचारलं, मग कोठी कशी भरायची?

"भरली तशीच. शनिवारी पिशवी घे आन घरोघर जा. मूठ माग. दारात हुभा ऱ्हा, बोलतील ते ऐकून घे. कुनाला काय समजावून सांगू नको. आन मुठी मोजू नको, मोशा. तुला मोजायची लई खोड हाय."

साडीचं विचारलं तर म्हणालीस, "ती रेश्माची हाय. खोटं तू बोललास, ती न्हाई." आणि तू कधी येशील असं विचारलं, तेव्हा तुझा आवाज बदलला. "ते तू इचारून काय उपेग? त्यांनी इचारलं तर बघीन." मग म्हणालीस, "वहिनीला दे फोन."

आई फोन घेऊन घरामागे गेली. तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि फोन माझ्या हातात न देता तिने खाटेवर ठेवला.

शुक्रवारी ज्वारी परत तिसगावला नेऊन घातली. ज्या आडत्याकडून घेतली त्यालाच दिली. दोन आठवड्यांत भाव उतरला होता. आडत्या म्हणाला, "चढला की घेतोस, उतरला की इकतोस. कुठं शिकला धंदा?"

काल मूठ मागायचा माझा पहिला शनिवार. निघताना आई दळण काढत होती. मी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभा राहिलो. मागायचं तोंडून निघेना. तिने माझ्याकडे न बघता एक मूठ पिशवीत टाकली आणि म्हणाली, "जा. ऊन व्हायच्या आत उरक." दोन आठवड्यांनी बोलली.

पहिल्या घरात म्हणाले, दळण झालं, पुढच्या वेळी ये. दुसऱ्या घरात म्हातारा खाटेवरून म्हणाला, "आज कुठली बँक बुडाली?" तिसऱ्या घरात पोरांना पुढे पाठवलं, मोठी माणसं आतच राहिली. एकीने दार लावून घेतलं आणि मी वळल्यावर उघडून मूठ दिली. "तुझ्यासाठी न्हाई, कोठीसाठी," म्हणाली. हातपंपाशी तिघी-चौघी होत्याच. त्यातली एक म्हणाली, "मोशा, आज पोतं न्हाई व्हय सायकलीवर?" मी उभा राहिलो. ऐकून घेतलं. समजावून सांगायला तोंड उघडलं होतं, मिटलं. शेवटी तिनेच घरातून मूठ आणून टाकली. बऱ्याच घरांनी काहीच दिलं नाही. राहीबाईने दोन्ही हातांची ओंजळ दिली. मी म्हणालो, मूठच हवी. ती म्हणाली, "माझी मूठ एवढीच हाय."

बनुबाईच्या दारात मी सगळ्यात शेवटी गेलो. मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ती आतून मूठ घेऊन आली आणि पिशवीच्या तोंडाशी तशीच धरून उभी राहिली.

"माझ्या मयताला येशील न्हवं?"

"येईन."

"पोटभर जेव. पन बातम्या सांगू नको." आणि मूठ सोडली.

मी वळलो तेव्हा तिने मागून हाक मारली. मला वाटलं आणखी काही ऐकवेल. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. म्हणाली, "हेलनची पाठ कशी हाय आता? तिला म्हनावं, उन्हाची येऊ नको. सांजच्या गाडीनं ये."

आत्या, हे मी तिला शिकवलेलं नाही. तिने स्वतःहून विचारलं. तू म्हणाली होतीस म्हणून फक्त कळवतो. सांजची गाडी नगरहून पाचला सुटते. मी तिसगावला स्टँडवर थांबेन. दुकानाच्या बाहेर.

खाली आजपर्यंतचा हिशेब देतो.

ज्वारी दोन क्विंटल, ३,९०० भावाने: ७,८०० रुपये
हमाली आणि तोलाई: ११० रुपये
टेम्पो, आणताना: ३०० रुपये
ज्वारी विकून आले, ३,५५० भावाने: ७,१०० रुपये
पदरचे गेले: १,११० रुपये
मालकांची उचल ५,०००: फेडली
हनुमंतचे देणे, ज्वारी परत नेतानाचा टेम्पो: ३०० रुपये
साडी: किंमत माहीत नाही, देणे धरली आहे
कोठीत जमा: काल फिरून आलेल्या मुठी. मोजल्या नाहीत.

तुझा,
मोझेस